चांगल्या दिवसाची प्रत

१४ सप्टेंबर १९९९

यंत्राला कसं कळतं की अमुक एक दिवस चांगला होता?

माझ्या कंप्युटरच्या वर्गात आज तमिळरसीने हे विचारलं.

झालं असं की काल संध्याकाळी काम चालू असताना करंट गेला, आणि आज सकाळी कंप्युटर उठेना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, रजिस्ट्री बिघडली म्हणून. मुली घाबरल्या. मी म्हटलं, घाबरू नका, याची सोय यंत्रातच आहे. रोज पहिल्यांदा नीट सुरू झालं की ते स्वतःच्या सगळ्या मांडणीची एक प्रत काढून ठेवतं. अशा शेवटच्या पाच प्रती त्याच्यापाशी असतात. बिघडलं की आपण एक आज्ञा टाईप करायची, तारखांची यादी येते, त्यातली एक निवडायची. यंत्र त्या दिवशी होतं तसं होतं. मी करून दाखवलं. उठलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तमिळरसीने मात्र वाजवल्या नाहीत. तिरुभुवनमच्या रेशीम विणकराची मुलगी आहे. धागा कुठे तुटला हे पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणाली, "टीचर, आतून काही बिघडलेलं असेल आणि तरी सुरू झालं, तर त्या दिवसाचीही प्रत ठेवतो का तो?"

"सुरू झालं म्हणजे चांगला दिवस, असं तो धरतो."

"उठून उभा राहिला म्हणजे बरा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र हसू आलं नाही.

ही वही पुस्तकी मराठीत लिहिते आहे. पुण्याच्या एका दूरच्या नातेवाइकांकडून मासिकं येत, हिंदीच्या परीक्षांमुळे अक्षरं येत होती, त्यातून ही भाषा शिकले. घरी आम्ही, कुंभकोणला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं, जे बोलतो ते पुण्याच्या माणसाला पणजोबांचं वाटेल. इथे लिहिलेलं घरात कुणाला वाचता येत नाही, हा एक फायदा.

१९ सप्टेंबर

पुन्हा करंट गेला. दिवेलागणीची वेळ, मी एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत होते. पंखा थांबला, पडदा विझला. रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या टपरीत दिवा जळत होता. त्यांची फेज वेगळी असावी. वर्गाच्या खोलीमागे मामाच्या घरात पितळेची भांडी धडाधड पडल्याचा आवाज आला. मी दारावर थाप मारली. आतून मामा म्हणाला, "काही नाही गे पंकजे, अंधारात फळी कोसळली. तूं घरी जा."

मामा म्हणजे सुंदरराव, अम्माचा धाकटा भाऊ. पेरिय कडै रस्त्यावर त्याचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आणि तो माझ्या बहिणीचा, वेदक्काचा, नवराही आहे. आमच्या लोकांत भाची मामाला देतात. मुलगी घरातून घरात जाते, परकी होत नाही. आजीने मरताना हात धरून तेवढंच मागितलं होतं. वेदक्का तेव्हा सतरा वर्षांची होती, दहावी झालेली.

मी पुढे शिकले ती मामामुळे. अप्पा लग्नांत स्वयंपाक करतात, त्यांना ते जमलं नसतं. घरात पहिली पदवी माझी, गणितात बी.एस्सी. त्यावर कंप्युटरचा डिप्लोमा. मामाने आपल्या घराची पुढची खोली रिकामी केली, यंत्र आणलं, आणि फलकावर माझं नाव रंगवलं. मला वाटतं, कुंभकोणच्या शंभर मुली तरी या खोलीतून शिकून बाहेर पडाव्यात. एवढं एक आयुष्यात झालं तरी पुरे.

२० सप्टेंबर

सकाळी पुन्हा काळा पडदा. दोन दिवसांपूर्वीची प्रत निवडली. यंत्र उठलं, पण काल बसवलेला तमिळ फाँट त्याला आठवेना. पत्रिकेची फाईल जशीच्या तशी होती आणि नवरा-नवरीच्या नावांच्या जागी नुसती चिन्हं, कंस, टिंबं. फाँट पुन्हा फ्लॉपीवरून घातला.

वेदक्का कॉफी घेऊन आली. डाव्या मनगटावर हळदीचा लेप, बोटं सुजून भोपळी मिरचीसारखी. फळी हातावर पडली म्हणाली. टंबलर तिने उजव्या हाताने ठेवला आणि त्याची खालची वाटी, डवरा, काखेत धरून आणला होता. मला हसू आलं. तिला नाही.

२ ऑक्टोबर

हार्डवेअरचा व्यंकटरमण मोपेडवरून आला. येताच खुर्चीत बसून म्हणाला, "मॅडम, व्हायरस."

स्कॅन केलं. व्हायरस नव्हता.

"मग वाय टू के. ते आधीपासून चावायला लागतं."

मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत. म्हणाला, "मॅडम, मुंगूस येण्याआधी साप हलतो."

दुपारी मामाच्या दुकानात फ्लॉपी आणायला पैसे मागायला गेले होते. हमालाच्या हातून एका मोठ्या गंगाळाला ओरखडा गेला. मामाने तराजूतलं वजन उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. एकदम, काही न बोलता. ओठ फाटून आतला दात दिसला. माणूस खाली बसला, रक्त गंगाळात टपटपलं. मामाने दुसऱ्या हमालाला ते गंगाळ चिंचेने घासायला सांगितलं, हात धुतले, आणि माझ्याकडे वळून हसला. "काय पाहिजे गे लेकरा?"

मामाचा राग असाच आहे. येतो आणि जातो. मनात काही ठेवत नाही. पण आज घास गिळताना तो दात डोळ्यांपुढे येत होता.

१७ ऑक्टोबर

वेदक्काशी भांडण झालं. मुली गेल्यावर ती पुढच्या खोलीत आली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पंकजे, तूं चेन्नईला जा. तिथे नोकरी पाहा. इथे राहूं नको."

"कशास? इथे माझ्या मुली आहेत."

"तुझ्या मुली तिथेही मिळतील. मी म्हणतें ते ऐक."

"तुला माझं शिकलेलं डोळ्यांत खुपतं का?"

फार वाईट बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फलकावर तुझें नांव का घातलें, विचारलीस का कधी?"

"मी शिकवते म्हणून."

"सरि, बरं तर," ती म्हणाली आणि आत गेली.

अम्माला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "वेदाला मूल नाही, त्यामुळे कडू झाली आहे ती. सुंदर तुझं भलंच चिंतितो. घर घरातच राहायला पाहिजे ना." कडू झाली आहे, हे मलाही पटलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वेदक्का भर दुपारी आमच्या घरी आली. पायात चप्पल नव्हती. पदर काढला तेव्हा गळ्यापासून कोपरापर्यंत कातडी लोंबत होती. खाली ओलं, लाल, सोललेल्या टोमॅटोसारखं. कॉफीचं पहिल्या दमाचं काळं डिकॉक्शन. उकळतं. साखर पुढे आणायला उशीर झाला म्हणून.

"सांडलं असेल," अम्मा म्हणाली.

"सांडलें नाही. ओतलें. सावकाश."

अप्पा उठून परसात गेले आणि विहिरीपाशी उभे राहिले. अम्माने केळीच्या पानावर लोणी घेतलं आणि लावायला लागली. तिचा हात थरथरत नव्हता, हे मी पाहिलं. मी म्हटलं, मामाला जाऊन विचारते. अम्मा ओरडली, "काय विचारशील? माझा भाऊ आहे तो. मी कडेवर वाढवला त्याला. माझ्या लेकीची तक्रार मी कुणाच्या दारांत नेऊं? सासर म्हणून जायचं म्हटलं तर माझंच माहेर आहे तें!"

वेदक्का हसली. भाजलेल्या अंगाने हसली. "सकाळी उठून कॉफी केली की तुम्हां सगळ्यांच्या लेखी कालचा दिवस बराच होता."

१२ नोव्हेंबर

मामा आला. अम्मासाठी केळी, वेदक्कासाठी तिरुभुवनमची साडी, माझ्यासाठी नवा प्रिंटर घेईन असं वचन. रडला. अम्माच्या पायांवर डोकं ठेवलं. अम्माने त्याच्या केसांतून हात फिरवला. मागचं सोडून द्यायचं, दिवाळीआधी होतं तसं सगळं व्हावं, असं ठरलं.

संध्याकाळी वेदक्काला सोडायला मीच गेले. नवी साडी खांद्याला घासत होती म्हणून तिने पदर हातात उचलून धरला होता. उंबऱ्यात ती क्षणभर थांबली. मी म्हटलं, "जा अक्का, आता तो तसा नाही करणार." मी हे खरंच मनापासून म्हटलं.

२० नोव्हेंबर

यंत्र पुन्हा पडलं. आजपर्यंत किती वेळा मागे नेलं याचा हिशोब मी ठेवला नाही. या वेळी कुठलीच प्रत चालेना. एक घेतली, पडलं. दुसरी घेतली, अर्ध्यात थांबलं. शेवटी व्यंकटरमणला बोलावलं. त्याने डिस्क तपासायला लावली. निळ्या पडद्यावर चौकोन भरत जातात, आणि मधेच एकेका चौकोनात ‘बी’ अक्षर येतं. बाद. तीन तास आम्ही ते बघत बसलो. आधी एखादं आलं. मग रांगच्या रांग.

तो म्हणाला, "मॅडम, चालू डिस्कचा करंट असा तोडला की तिला मार बसतो. दरवेळी थोडा. वरून दिसत नाही."

"पण प्रती आहेत ना?"

"त्या कुठे आहेत? याच डिस्कवर. ती सडली की त्याही सडणार. तुम्ही आजाऱ्याचं औषध आजाऱ्याच्याच पोटात ठेवलंय." मग आपल्याच वाक्यावर खूश होऊन त्याने कॉफी मागितली. फुशारकी मारतो, पण आज बरोबर बोलला. बाद जागा वगळून त्याने यंत्र तात्पुरतं सुरू करून दिलं. मुलींच्या फायली बाहेर फ्लॉपींवर काढायच्या, नवी डिस्क पोंगलनंतर, आणि तोवर यूपीएस बसवायचा, असं ठरवलं. मामा लगेच हो म्हणाला. "घे गे. पुढेमागे हे सगळं तुझंच आहे."

मी वीज कचेरीतही जाऊन आले. आमच्या रस्त्यावर वीज जाते त्याची तक्रार लिहून दिली. तिथल्या बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, त्या रस्त्याची लाईन या महिन्यात एकदाही बंद नव्हती. मला वाटलं, नोंदच ठेवत नसतील.

२९ नोव्हेंबर

यूपीएस आला. शिशासारखा जड. करंट गेला की टी, टी करून ओरडतो आणि यंत्र चालू ठेवतो. मुलींनी मुद्दाम बटण बंद करून तीनदा ओरडवला. तमिळरसी म्हणाली, "टीचर, हा घाबरून रडतो की आपल्याला उठवतो?"

३ डिसेंबर

आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच खोटं सांगेन.

दिवेलागण. करंट गेला. पंखा थांबला, यूपीएस ओरडायला लागला, पडदा चालूच राहिला. मी आनंदाने बाहेर पाहिलं. टपरीचा दिवा जळत होता. शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या चालू होत्या. रस्त्यावरचा खांबही जळत होता. फक्त आम्ही अंधारात होतो. आमची खोली आणि मामाचं घर एकाच मीटरवर आहे. मेन स्विच आतल्या सोप्यात आहे.

एरवी करंट गेला की मी खुर्ची सरकवते, कुलूप शोधते, घरी जाते. आज यंत्र चालू होतं म्हणून बसून राहिले. पंख्याचा आवाज नव्हता. आणि भिंतीपलीकडून ऐकू आलं.

ओले कपडे दगडावर आपटतात तसा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. वेदक्का ओरडत नव्हती. दर फटक्याबरोबर तिच्या नाकातून हवा बाहेर पडत होती, तेवढीच. मामा काहीतरी मोजल्यासारखं हळू बोलत होता. "कॉफी... देताना... तोंड... कसं... असावं." एकेका शब्दाला एक.

मी उठले नाही. मी आधी फाईल सेव्ह केली. हे मला लिहिलंच पाहिजे. फाईल सेव्ह केली, यंत्र रीतसर बंद केलं, आणि मग दोन्ही हातांनी कान झाकले. थोड्या वेळाने दिवे आले. पंखा फिरायला लागला. आतून मामाने हाक मारली, "पंकजे, करंट आला गे!"

मी म्हटलं, "होय मामा."

४ डिसेंबर

अम्माला सगळं सांगितलं. मेन स्विचचंही. वाटलं होतं, विश्वास ठेवणार नाही. ती तर आश्चर्यसुद्धा दाखवेना. चूल पुसत राहिली.

"माझे अप्पाही तसेच," ती म्हणाली. "दिवा मालवीत आधी. देवापुढची समई असली तर तिच्यावर टोपलं पालथं घालीत. दिव्यादेखत घरच्या लक्ष्मीवर हात टाकूं नये म्हणून. मोठे आचाराचे होते. सुंदर तेव्हा माझ्या मांडीवर असायचा. मी त्याचे कान झाकून ठेवीत असें."

म्हणजे मामा पाप लागू नये म्हणून मेन स्विच खाली ओढतो. आणि मी सकाळी उठून यंत्राला विचारत होते, तुला काय झालं.

"तुला माहीत होतं आणि तरी वेदक्काला दिलीस?"

"वाटलें, आपलीच पोर आहे, हिला नाही मारणार." मग चुलीकडे बघत, "अंधारात आपलं-परकं दिसत नाही बहुतेक."

१७ डिसेंबर, पहाट

कालपासून धनुर्मास लागला. पहाटेपासून देवळांचे कर्णे चालू आहेत आणि मी इस्पितळाच्या बाकावर लिहिते आहे.

काल तिन्हीसांजेला करंट गेला. यूपीएस ओरडला. मी सेव्ह केलं नाही. आतल्या दाराला कडी होती. बोळातून धावत परसात गेले. विहिरीपाशी पाण्याने भरलेला पितळी चोंबू, मोठा तांब्या, होता, तो उचलला. का उचलला ते आठवत नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

मधल्या उघड्या चौकात अजून थोडा उजेड होता. मामाने वेदक्काची वेणी मुठीला गुंडाळली होती आणि तिचं कपाळ चौकाच्या दगडी कडेवर आपटत होता. घाई नव्हती त्याला. नारळ फोडतात तसं. दगडावरून रक्त पन्हाळीत उतरत होतं. ती दोन्ही हातांनी दगड दूर लोटायचा प्रयत्न करत होती. दगडाला, मामाला नाही. तो म्हणत होता, "बहिणीला चेन्नईला पाठवतेस? तूं पाठवतेस?"

मी हाक मारली. त्याने मान वळवली आणि खरंच मायेने म्हणाला, "तूं बाहेर थांब गे लेकरा. तुला हे पाहायचं नाही."

मी चोंबू दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खांद्याच्या आणि मानेच्या मधे घातला. पाणी उसळून तिघांच्या अंगावर पडलं. तो गुडघ्यांवर आला, वेणी सुटली. वेदक्का कलंडली आणि तशीच सरपटत भिंतीकडे गेली. तो हात जमिनीला टेकून वाकून श्वास घेत होता. संपलं होतं. तिला घेऊन मला निघता आलं असतं.

पण त्याचा उजवा हात दगडावर पसरलेला होता, पाचही बोटं वेगवेगळी. मी चोंबू पुन्हा उचलला आणि त्या हातावर घातला. हाडांचा आवाज आला. भाजलेला अप्पळम, म्हणजे पापड, चुरगाळल्यासारखा. तो तेव्हा काही करत नव्हता, तो हात. मला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. मी ज्याला मामाचा राग म्हणत आले तोच हा, आणि तो माझ्या दंडात बसायला जागा शोधत नव्हता. आधीपासूनच तिथे होता.

मामा लहान पोरासारखा किंचाळला. "अक्का! अक्का!" अम्माला हाक मारत होता.

मी सोप्यात जाऊन मेन स्विच वर केला. घरभर दिवे लागले. देवापुढचा, माजघरातला, चौकातला. वेदक्काने डोळ्यांवरचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "बंद करूं नको."

वेदक्काला टाके बऱ्याच ठिकाणी पडले. भुवईचं हाड चिरलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं. वेदक्काच्या तोंडून सवयीने आलं, "पडलें." मग थांबून, तमिळमध्ये, स्वच्छ: "नाही. नवऱ्याने आपटलं."

१९ डिसेंबर

आज आमच्या घरी बैठक झाली. हनुमंतराव आले होते. मठातल्या प्रत्येक कार्यात पुढे असतात, आमच्या लोकांत त्यांचा शब्द चालतो. मामा आला, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. सगळे चटईवर बसले. वेदक्का आतल्या दाराशी, डोक्याला पट्टी, एक डोळा बंद. अप्पांनी कॉफी केली. अम्माने डवरे-टंबलर पुढे ठेवले.

हनुमंतराव म्हणाले, "दोन्हीकडून हात उचलले गेले. फिटंफाट झाली. पोलीस, कोर्ट, हें आपल्यांत आजवर झालेलें नाही. दिवाळीआधी होतें तसें सर्व करूं. वेदा पोंगलनंतर घरीं जाईल."

मामा म्हणाला, "मला कुणाचा राग नाही. हात मोडला तरी नाही. यंत्र आणि ती खोली मी पंकजाच्या नावावर करून देतो. कागद आजच."

माझ्या मुली, माझा फलक, ती खोली. खोटं कशाला लिहू? क्षणभर मला ती हवीशी वाटली.

"तें करच," हनुमंतराव समाधानाने म्हणाले. "नाही तरी वेदाची प्रकृती अशी. मूल नाही. पंकजा शिकलेली, शहाणी, त्याच घरांत वावरते. उद्यां दोघी मिळून घर सांभाळतील. बाहेर मुलगा शोधायला नको, घर घरांत राहील. कसे, रघूत्तमराव?"

अप्पांनी मान खाली घातली. मी वेदक्काकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती, एका डोळ्याने. तिने चेन्नई, चेन्नई का म्हटलं होतं, ते आत्ता, इतक्या उशिरा, सगळ्यांसमोर, मला कळलं.

"बोल गे," मामा म्हणाला. त्याच मायेने. "मी तुझ्यावर केस करणार नाही. तूंही कुणाला काही सांगूं नको. मागचं मागे."

"मागे नेता येणार नाही, मामा," मी म्हटलं. "काल सकाळी मी आणि वेदक्का महिला पोलीस ठाण्यात जाऊन आलो."

मग हनुमंतराव हसले. "अगे, लिहून घेतलें असेल. परत घेतां येतें."

"वेदक्काने सही केली आहे. डॉक्टरीणबाईंचा कागद जोडला आहे. मेन स्विचचंही लिहिलं आहे."

मामा ओरडत उठला. "आणि माझ्या हाताचें? तें लिहिलीस?"

"लिहिलं. पहिला घाव आणि दुसराही. दुसऱ्याची गरज नव्हती, हेही लिहिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, हे वाक्य काढून टाकायचं का? मी नको म्हटलं."

तो अम्माकडे वळला. "अक्का, तूं तरी सांग हिला! तूं सांग!"

अम्मा उठली. मला वाटलं, आता ती त्याच्या केसांतून हात फिरवेल. ती त्याच्यापुढे वाकली, त्याचा अर्धा प्यालेला टंबलर डवऱ्यात ठेवला, दोन्ही उचलून आत नेले आणि मोरीत ओतले. आमच्या घरात आलेल्या माणसासमोरून कॉफी कधी उचललेली मी पाहिली नाही. बाहेर येऊन तिने सोप्यातला दिवा लावला. दुपारचं लख्ख ऊन, दिव्याची काही गरज नव्हती. म्हणाली, "पोलीस विचारतील तेव्हां मी आमच्या अप्पांपासून सांगेन. तूं जा आतां, सुंदर."

तो गेला. हनुमंतराव आपली छत्री विसरून गेले.

मुलींच्या फायली मी सकाळीच फ्लॉपींवर काढून आणल्या होत्या. तमिळरसी मदतीला आली होती. संध्याकाळी पुन्हा तिथे गेले. यंत्र जाग्यावरच ठेवलं, त्याच्या प्रतींसकट. यूपीएसची तार भिंतीतून काढली, फलक उतरवून भिंतीला पालथा टेकवला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली परसातल्या त्या रिकाम्या चोंबूत टाकून मामाच्या उंबऱ्यात ठेवून आले.